डोळा फुगला की कुंडी बदला : पानगळीच्या बोन्सायविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. गेल्या बारा वर्षांत गच्चीवर तीन पिंपळ, दोन उंबर, पाच डाळिंबे, एक पांगारा आणि दोन वड अशी तेरा बोन्साय जमवली आहेत. पाऊस सुरू झाला की सगळ्यांच्या कुंड्या बदलायच्या, असे मला पहिल्यापासून सांगण्यात आले होते. त्याप्रमाणे मागच्या जूनमध्ये एकाच रविवारी तेराही झाडे काढली, मुळ्या छाटल्या आणि त्याच दिवशी फांद्यांचीही छाटणी केली. वडांना काही झाले नाही. एक डाळिंब मात्र गेले, पांगाऱ्याचे खोड तळाशी मऊ पडले आणि पिंपळांनी पुढे तीन महिने नवे पान धरले नाही. शिवाय माझ्या झाडांच्या काड्या लांब आणि जाड राहतात, त्यांना नाजूक फाटे फुटत नाहीत. माझे कुठे चुकते?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. तेरांपैकी वड तेवढे सुखरूप राहिले, कारण जूनचा सल्ला मुळात वडासारख्या, वर्षभर पाने राखणाऱ्या झाडांसाठीच योग्य आहे. उकाडा कमी झालेला असतो, हवेत दमटपणा असतो आणि वडाची मुळी त्या दिवसांत झपाट्याने चालते. पानगळीच्या झाडांचे गणित वेगळे आहे. गळण्याआधी पानातील बराचसा अन्नांश झाड परत ओढून घेते आणि तो खोडात, फांद्यांत व जाड मुळ्यांत साठवते. डोळे, म्हणजे काडीवरचे नव्या फुटीचे कोंब, फुगू लागतात, तेव्हा ही पुंजी शाबूत असते आणि झाड ती खर्च करायला निघालेले असते. नेमक्या त्या आठवड्यात मुळी छाटली, तर त्याच पुंजीतून नवी पांढरी मुळी आणि नवे पान बरोबरीने निघतात. जूनपर्यंत ती पुंजी पहिल्या फुटीत खर्ची पडलेली असते, झाड पूर्ण पानावर असते आणि तेवढ्या पानांना पाणी पुरवणारी मुळीच आपण कापून टाकतो. त्यात संततधार लागली, की ओल्या मातीतील ताज्या जखमा कुजतात. पांगाऱ्याचे लाकूड आणि मुळ्या मऊ, पाणीदार असतात, म्हणून त्याला हा फटका सर्वात आधी बसला.

म्हणून तारीख पाहू नये, डोळा पाहावा. हे आपल्याला मी शिकवावे असे नाही, कारण द्राक्षाची एप्रिलमधील खरड छाटणी (काडी तयार करण्यासाठीची) आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी (घडांसाठीची) करताना आपण काडीवरचा डोळाच वाचत असता. पिंपळाची पाने पिवळी पडून झडू लागतात आणि शेंड्याचा टोकदार कोंब लांबट होऊन तुकतुकीत दिसू लागतो, ती त्याची वेळ. आपल्याकडे ती बहुधा फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत येते आणि पिंपळात जुने पान जाणे व नवे तांबूस पान येणे यांत फार थोडे दिवस जातात, त्यामुळे रोज पाहणी हवी. उंबर आणि डाळिंब त्याच्या थोडे आधी हलतात. पांगारा पाने नसताना फुलतो. फुलोरा ओसरून पानाचे कोंब दिसू लागले, की त्याला हात घालावा.

या वेळेचा एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पुढे लगेच आपला उन्हाळा असतो. जपानमध्ये वसंतात कुंडी बदललेल्या झाडाला पुढचे काही आठवडे सौम्य हवा मिळते, आपल्या झाडाला एप्रिलची झळ मिळते. त्यामुळे कुंडी बदललेले झाड पहिले सहा आठवडे निम्मी सावली देणाऱ्या शेडनेटखाली, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे आणि कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी. एवढी व्यवस्था होणार नसेल, तर त्या वर्षी कुंडी बदलूच नये. वेळ हुकली आणि झाड तर मुळ्यांनी गच्च झाले आहे, अशी अडचण असेल, तर जूनमध्ये मुळी न छाटता मातीच्या गोळ्यासकट किंचित मोठ्या कुंडीत सरकवावे आणि खरे काम पुढच्या फेब्रुवारीवर ठेवावे.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. आपण तेराही झाडे एकाच दिवशी काढली आणि मुळी व फांदी दोन्ही एकाच दिवशी छाटली. मुळी छाटल्यावर झाडाला नवी मुळी करण्यासाठी पाने आणि शेंड्याचे कोंब लागतात. फांदी छाटल्यावर नवी फूट काढण्यासाठी भक्कम मुळी लागते. दोन्हीकडून एकदम तोडले, तर झाडाने भरपाई कुठून करायची? ज्या वर्षी कुंडी बदलली, त्या वर्षी फक्त वाळके, मोडके आणि अगदीच आडवे आलेले काढावे. पाने काढणे, वाकवणे, मोठी फांदी उतरवणे यांतील काहीही करू नये. सगळ्या झाडांना दरवर्षी कुंडीबदल लागतही नाही. घडत असलेल्या तरुण झाडाला साधारणतः दोन वर्षांनी आणि आकाराला आलेल्या जुन्या झाडाला तीन ते पाच वर्षांनी तो पुरतो. पाणी घातल्यावर ते वरच साचून हळूहळू मुरू लागले, झाड कुंडीतून वर उचलल्यासारखे दिसू लागले किंवा तळाच्या छिद्रांतून मुळ्या डोकावू लागल्या, तर वेळ आली असे समजावे. एक वही करावी, प्रत्येक झाडाला एक पान द्यावे आणि एका वर्षी संग्रहाच्या एक तृतीयांशाहून अधिक झाडांना हात लावू नये.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशी पाणी तोडावे, म्हणजे गोळा मोकळा होतो. बांबूच्या काडीने कडेकडून आत येत मुळ्या विंचराव्यात. पाणी मारून धुण्याची घाई करू नये. बाहेरची गोल फिरलेली मुळी आणि तळाची जाड, खाली जाणारी मुळी सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, स्वच्छ कापावी. एकंदर जारव्याचा, म्हणजे मुळ्यांच्या जाळ्याचा, एक तृतीयांश भाग काढणे सुरक्षित असते, निम्म्याच्या पुढे जाऊ नये. खोडाच्या पायथ्याशी चहूबाजूंनी पसरलेल्या मुळ्या हे या झाडाचे सौंदर्य असते, म्हणून त्यांच्यावर आडव्या किंवा एकमेकींवर चढलेल्या मुळ्या याच वेळी दूर कराव्यात. उंबर आणि पिंपळ यांच्या कापांतून येणारा चीक ओल्या फडक्याने टिपावा आणि तो थांबल्यावरच लावणी करावी. झाड कुंडीच्या छिद्रांतून ओवलेल्या तारेने घट्ट बांधावे, ही पायरी मी कुणालाही गाळू देत नाही. खोड वाऱ्याने जरा हलले, तरी नखाएवढी निघालेली पांढरी मुळी तुटते आणि झाड का बसत नाही, हे मालकाला कळत नाही. मग मातीचे कण काडीने मुळ्यांच्या पोकळीत भरावेत आणि खालून निघणारे पाणी गढूळ न राहता स्वच्छ येईपर्यंत पाणी द्यावे. नवे पान पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा आठवडे, कोणतेही खत देऊ नये.

मातीविषयी आपण विचारलेले नाही, पण पांगाऱ्याचा तळ कुजला यात तिचाही वाटा असावा. शेतातली काळी माती बोन्सायच्या कुंडीत नको. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळी तुटते. जपानी लोक अकादामा नावाची भाजल्यासारखी दाणेदार ज्वालामुखीय माती वापरतात. ती आयात करण्याची गरज नाही. चांगल्या भाजलेल्या विटांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे दोन भाग, लाल मातीचे चाळलेले खडे एक भाग आणि जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत अर्धा भाग, हे मिश्रण आपल्या हवेत पुरते. विटेचा तुकडा पोटात पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमधल्या फटीत हवा राहते. चाळणीतून खाली पडलेली धूळ मात्र फेकून द्यावी, कारण तीच पुढे तळाशी बसून निचरा बंद करते. पांगाऱ्यासाठी खताचा भाग आणखी निम्मा करावा.

कुंडी जितकी उथळ, तितका निचरा जलद, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. कोणत्याही कुंडीच्या तळाशी मातीने धरून ठेवलेल्या पाण्याचा एक थर उरतोच, आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसून कणांच्या आकारावर अवलंबून असते. सहा इंच खोल कुंडीत तो थर तळाशी राहतो, दीड इंचाच्या ट्रेमध्ये तोच थर मुळ्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो. म्हणून ट्रे उथळ होत जाईल तसे कण जाड घ्यावेत. तळाला खडीचा वेगळा थर दिल्याने हे पाणी कमी होत नाही, ते फक्त वर सरकते.

काड्या लांब आणि जाड राहण्याचे कारणही वेळेतच आहे. पहिल्या फुटीची पेरी सर्वात लांब असतात, आणि आपण त्याच वेळी खत व भरपूर पाणी देत असाल, तर ती आणखी लांबतात. ज्या झाडाचे खोड अजून जाड व्हायचे आहे, त्याला अवश्य वाढू द्यावे. ज्याचा सांगाडा तयार आहे, त्याला पहिली पाने पक्की होईपर्यंत खत न देता, पाणीही जपून द्यावे. फूट पाच-सहा पानांची झाली की दोन पानांवर आणावी, आणि शेवटचा डोळा बाहेरच्या दिशेचा असेल असे पाहावे. द्राक्षात आपण सबकेन करता, म्हणजे काडीचा शेंडा मारून तिच्यावर उपकाडी काढता, तेच हे काम आहे, फक्त एकाच काडीवर वर्षातून दोन-तीन वेळा. प्रत्येक फाट्यावर दोनच काड्या राखाव्यात. तीन-चार राहिल्या, तर तिथे गाठ येते आणि फांदी टोकाकडे निमुळती होण्याऐवजी मध्येच फुगते. डाळिंबाच्या बुडातून येणारे पाणसोट, म्हणजे सरळ वर धावणारे जोमदार फुटवे, दिसताक्षणी काढावेत, कारण ते एका हंगामात साऱ्या झाडाची ताकद खातात. पण डाळिंबाची फुले नव्या फुटीच्या टोकाशी येतात, त्यामुळे ज्या झाडाचे फूल पाहायचे आहे, त्याचा शेंडा त्या वर्षी खुडू नये.

आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरताना आपल्याकडे डाळिंबाला ताण देऊन पानगळ करतात आणि मग पाणी सोडतात. झाडाला विश्रांती देऊन एकसारखी फूट घ्यायची, हे तत्त्व बोन्सायलाही लागू आहे, पण कृती तशीच उचलू नये. जमिनीतल्या डाळिंबाची मुळी खोल ओलाव्यापर्यंत जाते आणि ताण आठवड्यांनी चढतो. दीड इंचाच्या ट्रेमध्ये तो एका दुपारी चढतो आणि संध्याकाळपर्यंत मुळी मेलेली असते. पानगळीची रसायने तर कुंडीजवळ आणूच नयेत. जानेवारीत झाडावर रेंगाळलेली जुनी पाने कात्रीने देठ ठेवून कापली, की तेवढेच काम होते.

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षांचा पिंपळ आहे. त्याची पाने तळहाताएवढी होतात आणि झाड बोन्साय वाटतच नाही. पाने काढल्याने ती लहान होतात असे ऐकले आहे. आमच्या सासूबाईंना मात्र पिंपळाला कात्री लावणे पटत नाही. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंच्या भावनेचा मान राखावा, असे मला मनापासून वाटते. घरात ज्या झाडाकडे हात जोडून पाहिले जाते, त्याच्यावर रोज वाद घालत काम केले, तर झाडाचेही नीट होत नाही. त्यांना सांगून, त्यांच्यासमोर काम करून पाहावे. नाहीच पटले, तर हा पिंपळ मोठ्या कुंडीत किंवा एखाद्या मोकळ्या जागी जमिनीत लावावा आणि बोन्सायसाठी चिंच घ्यावी. चिंचेची पर्णिका मुळातच बारीक असते, त्यामुळे पान लहान करण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि तिची साल लवकर जुनी दिसू लागते.

त्यांची संमती मिळाली, तर झाड निरोगी असून गेल्या वर्षभरात कुंडी बदललेली नाही, याची आधी खात्री करावी. मेच्या अखेरीस, पाने पूर्ण पक्की झाल्यावर, पान कापून देठ झाडावर राहू द्यावा. देठ पुढे आपोआप गळतो आणि त्याच्या बगलेतील डोळ्याला इजा होत नाही. नवी फूट येईपर्यंत पाणी कमी द्यावे, कारण पानेच नसल्याने झाड ते वापरत नाही आणि जुन्या सवयीने घातलेले पाणी मुळी कुजवते. पिंपळाचा शेंडा फार जोरदार असतो, म्हणून वरच्या आणि बाहेरच्या फांद्यांचीच पाने काढावीत, आतल्या आणि खालच्या फांद्यांची राखावीत. पान लहान होण्यापेक्षा आत ऊन पोहोचणे हा मला या कामाचा मोठा फायदा वाटतो. सावलीत राहिलेल्या आतल्या काड्या दोन-तीन वर्षांत वाळतात, मग झाडाला फक्त टोकांनाच पाने उरतात आणि पुढे छाटायला जागाच राहत नाही. पिंपळाचे पान चिंचेएवढे कधी होणार नाही, म्हणून त्याला बारा-चौदा इंचांत न कोंबता दोन-अडीच फुटांचे मोठे बोन्साय करावे. त्या उंचीला तीन इंचांचे पान शोभून दिसते.

प्रश्न : हिमाचलमधील एका रोपवाटिकेतून जपानी मॅपलचे रोप आणून पुण्यात दोन वर्षे सांभाळले. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात आणि वसंतात फूट दरवर्षी कमी होते. कुंडी बदलून उपयोग होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होणार नाही, आणि कदाचित झाड त्यात जाईल. मॅपलचे डोळे नीट फुटण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग गारवा मिळावा लागतो. पुण्यातील थंडीच्या थोड्या रात्रींनी ती गरज भागत नाही, कारण दिवसा पारा पुन्हा चढतो. झाड अर्धवट विश्रांती घेते, अर्धवट फुटते आणि दरवर्षी साठ्यातून थोडे थोडे गमावते. एप्रिलमधील कोरडी झळ पानाच्या पातळ कडा जाळते, ते लक्षण वेगळे असले तरी त्याने साठा आणखी घटतो. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली दिली, तर करपणे कमी होईल, मूळ कारण मात्र जाणार नाही. हिमालयाच्या पायथ्याशी थंड गावात राहणारे कुणी स्नेही असतील, तर हे रोप त्यांच्याकडे सोपवावे, असेच मी सुचवीन. परदेशी पानगळीचे झाड हवेच असेल, तर चायनीज एल्म घ्यावे. उबदार हवेत ते पूर्ण पानगळ न करताही तगते, पान बारीक असते आणि काड्यांची जाळी लवकर जमते.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. ट्रायडंट मॅपलची चार झाडे आहेत. मार्चअखेर कुंडी बदलली आणि आठवड्याने पुन्हा गोठवणारी थंडी आली. एका झाडाच्या मुळ्या काळ्या, लिबलिबीत झाल्या. शिवाय एका झाडाला पायथ्याशी एकाच बाजूला मुळ्या आहेत. झाडे बारकाव्याकडे, म्हणजे नाजूक फाट्यांकडे, कशी न्यावीत, हेही सांगावे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपण वेळ बरोबर साधली होती, राखण कमी पडली. ट्रायडंट मॅपलच्या मुळ्या मांसल आणि पाणीदार असतात, त्यामुळे कुंडीत कडक गोठण त्यांना जपानी मॅपलपेक्षाही कमी सोसते, आणि नुकत्याच छाटलेल्या मुळीला तर अजिबात सोसत नाही. कुंडी बदलल्यापासून शेवटची गोठवणारी थंडी सरेपर्यंत झाड रात्री गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवावे आणि शून्याच्या वर पारा असलेल्या दिवशी बाहेर उजेडात आणावे. दिवाणखान्याच्या उबेत आणू नये. तिथे ते अकाली फुटते आणि फूट लांब, फिकट येते. काळी पडलेली मुळी निरोगी भागापर्यंत कापावी, तेवढीच लहान कुंडी घ्यावी आणि निव्वळ दाणेदार, खताविना मिश्रणात झाड बांधून ठेवावे.

एका बाजूच्या मुळ्यांचे झाड पुढच्या वेळी काढाल, तेव्हा तळ सपाट कापून ते लाकडी पातळ फळीवर बसवावे आणि मुळ्या पंख्यासारख्या पसरून दोन्ही बाजूंनी छोटे खिळे ठोकून त्यांची दिशा पक्की करावी. जपानमध्ये बोन्साय कलावंत एबिहारा यांच्या ट्रायडंट मॅपलमुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली. रिकाम्या बाजूला त्याच जातीची कोवळी रोपे खोडाला चिकटवून कलम केली, तर काही वर्षांत तिथे नवी मुळी तयार होते. ट्रायडंट मॅपलमध्ये हे कलम सहज बसते.

बारकाव्यासाठी डोळे समोरासमोर येतात हे ध्यानात ठेवावे. फूट दोन-तीन जोड्यांची झाली की एका जोडीवर कापावी. मॅपलच्या वसंतातील कापातून फार रस वाहतो, म्हणून जाड फांदी पाने पक्की झाल्यावर उतरवावी आणि कापावर जखमेचा मलम लावावा. बाहेरची पाने जूनच्या सुरुवातीला विरळ करावीत. तोक्योच्या उएनोमध्ये 1934 पासून भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनात पानगळीची झाडे फेब्रुवारीत उघड्या काड्यांनिशी मांडली जातात, कारण पान उतरल्यावर काम लपत नाही. आपणही दर हिवाळ्यात प्रत्येक झाडाचे त्याच कोनातून, मागे कोरी चादर धरून छायाचित्र काढावे. कुठली काडी जाड होते आहे आणि कुठे पोकळी पडली आहे, हे तीन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर लगेच दिसते, आणि त्या वर्षीची छाटणी त्यावरूनच ठरवावी.

प्रश्न : डाळिंबाला लावलेली तार सालीत रुतली. ओढून काढावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ओढू नये, उलटी फिरवूही नये. वायरकटरने प्रत्येक वेढा वेगळा तोडून तुकडे एकेक करून उचलावेत. सालीत पूर्ण बुडालेला तुकडा असेल, तर तो तिथेच राहू द्यावा आणि उघड्या जखमेला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावा. पुढे तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश घ्यावी आणि ती कोवळ्या काडीलाच लावावी, कारण डाळिंबाचे जुने लाकूड वाकण्याआधी मोडते. पाऊस सुरू झाल्यावर फांदी झपाट्याने जाड होते, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये दर आठवड्याला प्रत्येक वेढा पाहावा आणि साल तारेला टेकून दबलेली दिसली, की आकार पक्का झाला नसला तरी तार त्याच दिवशी उतरवावी.